चित्रकलेच्या तासिकेतील मूल्यमापन : श्रेणी, वर्णनात्मक नोंद आणि संचयिका
(हिंगणा परिसरातील शालेय कलाशिक्षणाच्या संदर्भात एक चिकित्सा)

गोषवारा : महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेचे मूल्यमापन आज दोन भिन्न व्यवस्थांमधून होते. पहिली कला संचालनालयाची शासकीय रेखाकला परीक्षा आणि दुसरी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंद. पहिली मुलाला न पाहता चित्र पाहते. दुसरीने मुलाला पाहावे अशी अपेक्षा असूनही व्यवहारात ती बहुधा नोंदवहीच पाहते. प्रस्तुत लेखात या दोहोंची चिकित्सा केली असून, सेवाग्रामच्या नयी तालीम परंपरेतील कलाशिक्षणाचा संदर्भ घेऊन संचयिकेवर आधारित मूल्यमापनाच्या शक्यतांचा व मर्यादांचा विचार केला आहे.

बीजशब्द : कलाशिक्षण, रेखाकला परीक्षा, आकारिक मूल्यमापन, वर्णनात्मक नोंद, संचयिका, नयी तालीम.

प्रास्ताविक

शालेय वेळापत्रकात चित्रकलेच्या तासिकेला जे स्थान आहे, त्यापेक्षा तिच्या मूल्यमापनाला मिळणारे स्थान अधिक गौण आहे. गणिताचा वा भाषेचा पेपर कसा तपासावा यावर शिक्षक-प्रशिक्षण वर्गांत तासन्‌तास चर्चा होते. चित्र कसे तपासावे, हा प्रश्न मात्र ‘चित्र पाहिले की कळते’ या गृहीतकावर सोडून दिला जातो. काय कळते, कोणाला कळते आणि जे कळले ते विद्यार्थ्याच्या शिकण्याविषयी आहे की त्याच्या हातातील रंगपेटीविषयी, हे उपप्रश्न त्यानंतर उपस्थितच होत नाहीत.

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेला हिंगणा तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, वानाडोंगरीसारखी झपाट्याने नागरी झालेली गावे आणि त्यांत कामगार कुटुंबांची मुले; दुसऱ्या बाजूस कान्होलीबारा, टाकळघाट या पट्ट्यातील कापूस, तूर, सोयाबीनचा शेतशिवार. एकाच तालुक्यातील दोन शाळांमधील मुलांच्या डोळ्यांपुढील दृश्यजगत इतके भिन्न असताना दोघांच्या चित्रांना लावली जाणारी फूटपट्टी मात्र एकच असते. ही फूटपट्टी कोठून आली, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

रेखाकला परीक्षेचा वारसा

‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ ही नावे महाराष्ट्रातील शिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. कला संचालनालयाच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या या परीक्षांची मुळे ब्रिटिश अमदानीतील रेखांकन-शिक्षणात सापडतात. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टनची पद्धती दृढ होत होती. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी घडविलेल्या त्या पद्धतीत रेखांकनाचे शिक्षण २३ पायऱ्यांत विभागले होते. सरळ रेषा, भूमिती, सपाट नमुन्यावरून नक्कल, नंतर घनाकृती, छायाप्रकाश असा तो क्रम होता. कारखान्यांना कुशल आरेखक मिळावेत, हा तिचा उघड हेतू होता. परीक्षेच्या निकालावर शिक्षकाचे वेतन अवलंबून ठेवण्याची प्रथाही त्या काळी इंग्लंडमध्ये होती. अशा पद्धतीत मोजता येईल तेच शिकविले जाणे अपरिहार्य होते, आणि रेषेची अचूकता मोजता येते.

आजच्या रेखाकला परीक्षेची विषयरचना पाहिल्यास या वारशाच्या खुणा स्पष्ट दिसतात. वस्तुचित्र अथवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन. यांपैकी भूमिती-अक्षरलेखन हा भाग तर थेट आरेखकाच्या मेजावरून आलेला आहे. ज्या तालुक्यात औद्योगिक वसाहत आहे तेथे तो निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि तो कलेच्या मूल्यमापनात का, याचे उत्तर इतिहासाखेरीज अन्यत्र मिळत नाही.

या परीक्षेवर टीका करणे सोपे आहे आणि कलाशिक्षणाच्या चर्चासत्रांत ती नेहमी होतेही. म्हणूनच तिच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी नोंदविणे न्याय्य ठरेल. या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक विद्यार्थ्याला ओळखत नाही. त्याचे गाव, आडनाव, वडिलांचा व्यवसाय त्याच्या समोर नसतो. टाकळघाटच्या मुलीचा कागद आणि मुंबईच्या मुलीचा कागद एकाच प्रश्नावर, एकाच वेळेत काढलेला असतो. भाषेचा अडसर येथे अत्यल्प आहे. बिहार वा छत्तीसगडमधून आलेल्या कामगाराच्या मुलाला मराठी लेखनात जी अडचण येते ती बादली रेखाटताना येत नाही. शिवाय, अनेक शाळांत चित्रकलेची तासिका इतर विषयांच्या शिक्षकांनी ‘मागून’ घेण्याची प्रथा असताना, परीक्षेच्या निमित्ताने तरी वर्षातून काही आठवडे ती तासिका तिच्या हक्काच्या कामाला मिळते. चित्रकला शिक्षकाचे शाळेतील अस्तित्व मुख्याध्यापकाला व पालकांना जाणवते ते बहुशः या परीक्षेच्या निकालामुळेच. विश्वसनीयतेच्या कसोटीवर ही परीक्षा शाळांतर्गत गुणदानापेक्षा निश्चितच उजवी आहे.

प्रश्न आहे तो सप्रमाणतेचा. परीक्षा जे मोजण्याचा दावा करते, तेच ती मोजते काय? याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्मरणचित्र. पाहिलेले, अनुभवलेले दृश्य आठवून रेखाटणे हा त्यामागील मूळ विचार. आणि तो अत्यंत मोलाचा आहे. कान्होलीबाऱ्याच्या मुलाने कापूस वेचणीचे दृश्य काढावे, वानाडोंगरीच्या मुलीने पाळी सुटल्यानंतरचे कारखान्याचे फाटक काढावे, अशी ती संधी आहे. प्रत्यक्षात परीक्षेपूर्वी बाजारातील मार्गदर्शिकांमधून भाजीबाजार, बसथांबा, पतंग उडविणारी मुले, फुगेवाला अशी ठरावीक चित्रे घोटून घेतली जातात. तीन आकृत्या पुढे, दोन मागे, एका कोपऱ्यात झाड, दुसऱ्या कोपऱ्यात इमारतीचा भाग अशी मांडणी पाठ केली जाते. परीक्षेच्या दिवशी मूल स्मरणातूनच चित्र काढते, यात शंका नाही. परंतु ते स्मरण पाहिलेल्या जगाचे नसून मार्गदर्शिकेतील पानाचे असते. परीक्षकाला यातील भेद कागदावरून ओळखता येणे कठीण, आणि ओळखला तरी स्वच्छ, संतुलित, ‘पाठ’ चित्राला कमी श्रेणी देण्याचे समर्थन करणे त्याहून कठीण.

या परिस्थितीत आणखी एका घटकाची भर पडली. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीसाठी शालान्त परीक्षेत वाढीव गुण देण्याचे शासनाचे धोरण २०१७ पासून अमलात आले. पुढे अ, ब आणि क श्रेणीसाठी अनुक्रमे ७, ५ आणि ३ गुण असे त्याचे स्वरूप निश्चित झाले. कलेला शालान्त परीक्षेत काही स्थान मिळाले, या दृष्टीने या निर्णयाचे स्वागत झाले आणि ते समजण्यासारखे होते. परंतु त्यामुळे परीक्षेला बसण्याचे प्रयोजनच बदलले. चित्र ही गुणांच्या बाजारातील एक विनिमययोग्य वस्तू झाली. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे रेखाकला परीक्षा होऊ शकली नाही, तेव्हा पालक व शिक्षक यांच्यात जी अस्वस्थता व्यक्त झाली ती मुलांचे चित्रकाम खंडित झाल्याबद्दल नव्हती. बुडालेल्या गुणांबद्दल होती. कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. शालान्त परीक्षेत एकेका गुणावर प्रवेश ठरत असेल, तर पालक दुसरा विचार कसा करतील?

वर्णनात्मक नोंदीचे वास्तव

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नंतर महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाद्वारे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू केली. भाषा, गणित आदी विषयांसाठी आकारिक व संकलित अशी विभागणी करण्यात आली; मात्र कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे मूल्यमापन संपूर्णपणे आकारिक ठेवण्यात आले. म्हणजे सत्राच्या अखेरीस चित्रकलेचा लेखी वा प्रात्यक्षिक ‘पेपर’ नाही. वर्षभर निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य या साधनांतून शिक्षकाने मूल्यमापन करावे, श्रेणी द्यावी आणि वर्णनात्मक नोंद लिहावी, ही अपेक्षा.

तत्त्वतः हा निर्णय रेखाकला परीक्षेच्या नेमक्या उलट टोकाचा आणि कलेच्या स्वभावाला अधिक मानवणारा होता. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात बालचित्रांना गुण देण्यास विरोध करून त्यांच्याकडे वाढीची खूण म्हणून पाहण्याचा आग्रह धरला होता. इलियट आइस्नर यांनीही कलेतील काही उद्दिष्टे आधी ठरविता येत नाहीत, मुलाने कृती केल्यानंतरच ती ओळखू येतात, असे प्रतिपादन केले होते. २०१० च्या निर्णयात या विचारांना जागा होती. ती जागा भरली गेली काय?

शाळांमधील नोंदवह्यांत सर्वसाधारणपणे आढळणारी वाक्ये कोणत्याही शिक्षकाच्या परिचयाची आहेत : चित्रात आकर्षक रंग भरतो, चित्रकलेची आवड आहे, रंगसंगती चांगली साधते, चित्रात अधिक सरावाची गरज आहे. विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका व याद्या उपलब्ध असल्याने नोंद लिहिणे म्हणजे यादीतून वाक्य निवडणे असा अर्थ रूढ झाला. या वाक्यांमध्ये असत्य काही नसते. ती एका मुलाऐवजी दुसऱ्याच्या नावापुढे लिहिली तरी काहीच बिघडत नाही, हाच त्यांतील खरा दोष होय. जी नोंद वर्गातील कोणत्याही मुलाला लागू पडते ती मूल्यमापन ठरू शकत नाही. ती केवळ रकाना भरते.

याउलट शिकण्याचा पुरावा देणारी नोंद कशी असू शकते, हे वस्तुचित्राच्या एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेली बादली काढताना बहुतेक मुले आरंभी तोंड जवळपास पूर्ण गोल काढतात आणि बुडाची रेषा मात्र सरळ ठेवतात. यात मुलाचा हात कच्चा नसतो. त्याला जे ठाऊक आहे तेच ते काढत असते. तोंड गोल आहे हे त्याला ठाऊक आहे. बादली सपाट जमिनीवर टेकली आहे हेही ठाऊक आहे. पुढील टप्प्यात तोंडाचा लंबगोल चपटा होतो, पण बूड सरळच राहते. त्यानंतर बूडही वळते. आणि जे मूल खरोखर पाहू लागले आहे त्याच्या लक्षात येते की डोळ्यापासून अधिक खाली असलेल्या बुडाचा वक्र तोंडाच्या वक्रापेक्षा किंचित अधिक भरीव दिसतो. हा प्रवास ‘ठाऊक असलेल्या’कडून ‘दिसणाऱ्या’कडे जाणारा आहे आणि तो कागदावर तंतोतंत उमटतो. ‘जुलैत बुडाची रेषा सरळ, सप्टेंबरमध्ये वक्र, स्वतः पुसून दुरुस्त केली’ एवढी नोंद पुरेशी आहे. ती दुसऱ्या मुलाच्या नावावर चालणार नाही, आणि पुढील शिक्षकाला कोठून आरंभ करावा हे तिच्यावरून कळते.

स्मरणचित्राबाबतही हेच म्हणता येते. सात-आठ वर्षांचे मूल सर्व आकृत्या कागदाच्या तळाशी एका रेषेवर उभ्या करते; पुढे कधीतरी ती रेषा सुटते, जमीन पसरते, एक आकृती दुसरीच्या मागे अंशतः झाकली जाते. झाकली गेलेली आकृती हा बालचित्रातील फार मोठा क्षण आहे, कारण मागच्या माणसाचे पाय दिसत नसले तरी ते आहेत, हे मुलाने कागदावर मान्य केलेले असते. ‘रंगसंगती छान’ या शेऱ्यात हा क्षण हरवतो. येथे आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. रंगाची समृद्धी आणि टापटीप या दोन निकषांचे वजन जितके वाढते तितके मूल्यमापन मुलाच्या शिकण्यापेक्षा पालकाच्या ऐपतीचे होते. बारा तेलखडूंची पेटी आणि जलरंगांचा मोठा संच यांत काढलेली चित्रे शेजारी ठेवली की श्रेणी कोणाला मिळेल, हे सांगण्यास परीक्षकाची गरज उरत नाही.

या प्रकाराशी नागपूर परिसराला चांगलाच परिचित असलेला एक प्रसंग ताडून पाहता येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा मागतात आणि ठिकठिकाणी सजावटीच्या स्पर्धाही होतात. बक्षीस पुष्कळदा मोठ्या, भरजरी नंदीलाच मिळते. तो नंदी कोणी सजविला हे पाहणाऱ्यांना माहीत असते. शाळेने या प्रसंगाचा उपयोग करावयाचे ठरविले, तर तेथे पारितोषिकाचा विचार बाजूला ठेवून वेगळेच प्रश्न विचारावे लागतील : झूल कशापासून केली? शिंगांना रंग का दिला? गेल्या वर्षीपेक्षा काय बदलले आणि का? ज्या मुलाने जुन्या साडीच्या काठातून झूल शिवली आणि तिची लांबी नंदीच्या पाठीवर मोजून दोनदा कापली, त्याने मापन, साहित्याची निवड आणि दुरुस्ती अशा तीन गोष्टी केल्या आहेत. अनुभव असा की या प्रश्नांना मुले उत्साहाने उत्तरे देतात, कारण त्यांना बक्षिसाखेरीज हे कोणी विचारीत नाही.

सेवाग्रामचा संदर्भ

कलेचे मूल्यमापन परीक्षेविना कसे होऊ शकेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्यापूर्वी हिंगण्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्याकडे पाहणे उचित ठरेल. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यात चित्रकला व संगीत यांचा अभ्यासक्रमात समावेश होता आणि प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीकाही होती. मूलोद्योगाच्या छायेत चित्रकला दुय्यम राहण्याचा धोका होता. तो काही अंशी टळला तो देवीप्रसाद यांच्या कार्यामुळे.

देवीप्रसाद (१९२१–२०११) हे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे विद्यार्थी. १९४४ ते १९६२ या काळात त्यांनी सेवाग्राम येथे कलाशिक्षक म्हणून काम केले. या अनुभवावर आधारित त्यांचा ग्रंथ हिंदीत आणि पुढे इंग्रजीत ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या नावाने प्रसिद्ध झाला. मुलांच्या चित्रांची परस्परांशी तुलना न करणे, प्रौढांच्या चित्रांची नक्कल करावयास न लावणे आणि चित्र मुलाच्या वाढीच्या क्रमात ठेवून पाहणे, ही त्यांच्या विचाराची प्रमुख सूत्रे होत. कुंभारकाम व चित्र यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही, हेही लक्षणीय आहे. घडा घडविताना डोळा आणि हात यांत जे घडते तेच चित्रात घडते, ही त्यामागील भूमिका.

विदर्भातील कलाशिक्षणाच्या चर्चेत सेवाग्रामचे हे पर्व जवळजवळ अनुल्लेखित राहिले, याचे आश्चर्य वाटते. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांत नयी तालीमचा उल्लेख तत्त्वज्ञानाच्या पेपरात होतो, गांधींच्या शैक्षणिक विचारांवरील दीर्घोत्तरी प्रश्नापुरता. त्याच परंपरेत कलेच्या वर्गाची एक सुस्पष्ट कार्यपद्धती निर्माण झाली होती, हे पद्धतिशास्त्राच्या पेपरात येत नाही. अर्थात सेवाग्रामचे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही, हेही तितकेच खरे. ती निवासी स्वरूपाची, मर्यादित विद्यार्थिसंख्येची शाळा होती. शिक्षक मुलांसोबत राहत होता. ज्या शिक्षकाला मूल दिवसभर दिसते त्याला नोंदवहीची गरज कमी भासते. हिंगण्याच्या शाळेतील चित्रकला शिक्षकाला ते मूल आठवड्यातून चाळीस-चाळीस मिनिटांच्या एक-दोन तासिकांतच दिसते, आणि त्यासोबत आणखी पन्नास मुले.

संचयिका आणि वेळेचा हिशेब

या दोन टोकांमधील मार्ग म्हणून संचयिका-पद्धतीचा विचार होऊ शकतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधनगटाने पिट्सबर्गच्या शाळांसमवेत ‘आर्ट्स प्रोपेल’ हा प्रकल्प राबविला. त्यात अंतिम चित्राबरोबरच कच्ची रेखाटने, बदललेले आराखडे आणि विद्यार्थ्याचे स्वतःच्या कामावरील टिपण हे सर्व एकत्र ठेवून त्यावर चर्चा करण्याची रीत होती. निवडक उत्तम चित्रांच्या संग्रहापेक्षा ही कल्पना वेगळी आहे. येथे फसलेले चित्रही पुरावा असते. किंबहुना फसलेले चित्र अधिक बोलके असते.

भारतातही राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने तयार झालेल्या कलाविषयक आधारपत्रापासून राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० पर्यंत प्रक्रियाकेंद्री मूल्यमापनाचा पुरस्कार सातत्याने झाला आहे. शब्दांची उणीव नाही. अडचण सांगितली जाते ती वेळेची, आणि ती गंभीरपणे तपासण्याजोगी आहे.

एका चित्रकला शिक्षकाकडे आठ वर्ग आणि प्रत्येक वर्गात ५० मुले असे गृहीत धरल्यास एकूण ४०० विद्यार्थी होतात. प्रत्येक विद्यार्थ्याची संचयिका पाहून त्याच्याशी सत्रातून एकदा पाच मिनिटे बोलावयाचे म्हटले तर २००० मिनिटे, म्हणजे ५० पूर्ण तासिका लागतात. हा आकडा ऐकताच कोणताही शिक्षक हात जोडील. परंतु हिशेबाची मांडणी बदलली तर चित्र वेगळे दिसते. सत्रात सोळा आठवडे व आठवड्याला दोन तासिका धरल्यास एका वर्गाला ३२ तासिका मिळतात. इतर मुले काम करीत असताना प्रत्येक तासिकेत केवळ दोन मुलांशी बोलले, तरी सत्राअखेर ५० मुले पूर्ण होऊन काही तासिका शिल्लक राहतात. चाळीसपैकी दहा मिनिटे. आठवड्याला एकच तासिका असेल तर दर तासिकेला तीन मुले घ्यावी लागतील, आणि तरीही दोन मुले राहून जातील. त्यांच्यासाठी एखाद्या तासिकेत चौथ्या मुलाची सोय करावी लागेल. तेव्हा वेळेची अडचण खरी असली तरी अलंघ्य नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. अंशकालीन, म्हणजे ज्याची पुढील वर्षीची नियुक्ती निश्चित नाही असा शिक्षक. संचयिकेचे मोल तिच्या सातत्यात असते. सहावीतील बादली आणि आठवीतील बादली शेजारी ठेवल्याशिवाय ती बोलत नाही. दरवर्षी शिक्षक बदलत असेल, शंभरापेक्षा कमी पट असलेल्या लहान गावांतील शाळांत तो मुळात नसेलच, तर चित्रे कोण जपणार, कोठे जपणार? वर्गखोलीत एक लोखंडी कपाट, तेही निवडणुकीच्या साहित्याने वा जुन्या उत्तरपत्रिकांनी भरलेले, अशी स्थिती जेथे आहे तेथे संचयिकेची चर्चा शिक्षणशास्त्रापेक्षा कपाटाच्या किल्लीपाशी अडते. यावर मोबाइलने छायाचित्र काढून ठेवण्याचा पर्याय सुचविला जातो. तो काही प्रमाणात उपयुक्त आहे, मात्र छायाचित्रात रंगाचा थर, खोडण्याच्या खुणा आणि कागदाचा आकार या तिन्ही गोष्टी हरवतात, आणि शिकण्याचा बराचसा पुरावा याच तीन गोष्टींत असतो.

निकषपत्रकांविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. रेखांकन, रंग, रचना, सर्जनशीलता अशा चार रकान्यांत प्रत्येकी पाच गुण देण्याची पद्धत प्रशिक्षणवर्गांतून रुजत आहे. पहिल्या तीन रकान्यांविषयी शिक्षकांमध्ये बऱ्यापैकी एकवाक्यता होऊ शकते. चौथा रकाना मात्र बहुतेकदा पहिल्या तिन्हींचा प्रतिध्वनी असतो : ज्याचे चित्र सुबक त्याला सर्जनशीलतेतही चार. यापेक्षा सर्जनशीलतेचा रकाना काढून टाकून त्याजागी ‘मुलाने कामात स्वतःहून केलेला एक बदल’ अशी एका ओळीची मोकळी जागा ठेवणे अधिक प्रामाणिक होईल. ती ओळ रिकामी राहिली तर तेही शिक्षकाला काही सांगेल, कदाचित त्याने दिलेल्या विषयाविषयीच.

रेखाकला परीक्षेचे काय करावे, हा प्रश्न मग उरतोच. ती बंद करण्याची मागणी अव्यवहार्य आहे आणि वर नमूद केलेल्या कारणांमुळे अन्याय्यही. कलेच्या पुढील शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी तिचे प्रमाणपत्र हा मोठा आधार असतो. मात्र दोन बदल शक्य आहेत. स्मरणचित्राचे विषय इतके स्थानिक करावेत की मार्गदर्शिका त्यांच्यापुढे थिटी पडावी. ‘तुमच्या गावातील सणाचा एक प्रसंग’ असे न विचारता ‘शाळेत येताना रस्त्यात लागणारे एक वळण’ असे विचारले तर पाठ केलेले चित्र कामी येणार नाही. आणि श्रेणीला शालान्त परीक्षेतील गुणांशी जोडण्याचा पुनर्विचार व्हावा, किमान त्या गुणांसोबत विद्यार्थ्याच्या शाळेतील कामाची काही नोंद मागविली जावी. दुसरा बदल लवकर होण्याची शक्यता कमी दिसते, कारण ७ गुण सोडण्यास कोणीही तयार होणार नाही.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

हा विषय शालेय आहे असे समजून महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याकडे दुर्लक्ष करावे, अशी स्थिती आता राहिलेली नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या अंमलबजावणीत राज्यातील पदवी अभ्यासक्रमांच्या श्रेयांक-आराखड्यात सहअभ्यासक्रमीय घटकांना श्रेयांक देण्यात आले आणि त्यांत दृश्यकला व प्रयोगजीवी कलांचाही समावेश आहे. परिणामी, ज्या महाविद्यालयांत चित्रकलेचा विभाग कधीच नव्हता, तेथे वाणिज्य वा विज्ञानाच्या अध्यापकाला विद्यार्थ्याच्या चित्राला वा रांगोळीला अंतर्गत गुण देण्याची वेळ येऊ शकते. त्याच्यासमोर येणारा विद्यार्थी आठवीपर्यंत ‘आवड आहे’ या नोंदीवर, नववीत मार्गदर्शिकेतील बसथांब्यावर आणि दहावीत ७ गुणांवर कलेतून बाहेर पडलेला असेल. त्या अध्यापकाच्या हाती एक गुणपत्रक असेल : उपस्थिती, सहभाग, सादरीकरण. वर्षाअखेर भिंतीवर लावलेली चित्रे आणि सत्रारंभी वर्गात काढून घेतलेले, गुण न दिलेले, मागे नाव व तारीख टाकून ठेवलेले एकेक साधे रेखाटन यांची जोडी त्याने मागितली, तर त्या गुणपत्रकातील निदान एक रकाना शिकण्याविषयी असेल. ते पहिले रेखाटन जपून ठेवण्यासाठी लागते एक फाइल. आणि ते घ्यावे लागते पहिल्याच आठवड्यात, विद्यार्थ्यांनी काही शिकण्यापूर्वी.